फेझमध्ये कुठे काय खावे

स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, डाळींच्या डब्यांमागे, माझ्या मुलीची, सईची, शाळेची एक जुनी कॉपी आहे. इथले आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात आणि वहीला कॉपी. अकरा वर्षांत माझ्याही तोंडात तेच बसलंय. पहिल्या सात पानांवर सईचा आयरिश भाषेचा गृहपाठ आहे आणि आठव्या पानापासून माझ्या वडिलांचं अक्षर सुरू होतं. कोरी पानं वाया घालवायची नाहीत हा त्यांचा जन्माचा नियम. आठव्या पानाच्या मधोमध, पट्टी ठेवून दोनदा अधोरेखित करून लिहिलंय : 'फेझ. कुठे काय खावे, काय प्यावे.'

परवा ती वही बाहेर काढली ती केतकीसाठी. केतकी आमच्याच उपनगरात, ओंगारमध्ये, दोन गल्ल्या सोडून राहते. मूळची कोथरूडची, आणि प्रत्येक गोष्ट शेवटच्या आठवड्यात ठरवणारी. शाळांना ऑक्टोबरची सुट्टी लागली की इथली निम्मी मराठी मंडळी ऊन शोधायला बाहेर पडतात. या वर्षी सगळ्यांना मोरोक्को आठवलंय. केतकीनं विचारलं, तुम्ही फेझला जाऊन आलात ना, मग कुठे खायचं ते सांग, नेहमीची टुरिस्टी ठिकाणं नकोत. मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग ओट्याशी उभी राहून सगळी यादी फोनवर उतरवली आणि पाठवून दिली. यादी कोणाची, ते लिहिलं नाही.

लगेच उत्तर आलं. कसली भारी लिस्ट, तू एवढी फूडी असशील असं वाटलं नव्हतं. मी अंगठा पाठवला. लाज वाटली, पण पाठवून झाल्यावर.

वहीला अजून वास येतो. बाबांनी एका पानात पुदिन्याची डहाळी ठेवली होती, तिची आता काळी भुकटी झालीय आणि पानावर तिचा ठसा उमटलाय. त्यात हिंगाचाही वास मिसळलाय, कारण प्रेसमध्ये शेजारीच हिंगाची डबी असते. हे दोन वास एकत्र आले की मला फेझमधल्या त्या मुक्कामाचं अंगण आठवतं, आणि मग मी प्रेस बंद करते.

तीन वर्षांपूर्वी बाबा नागपूरहून आले ते नोव्हेंबरच्या अखेरीस. आई जाऊन वर्ष झालं होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा, हृदयात एक स्टेंट, थोडी साखर, आणि जुन्या दुखण्यांचा खर्च न देणारा विमा. मी क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणं हेच माझं काम, आणि त्यात मी चांगली आहे. बाबा विमानात बसायच्या आधीच त्यांची यादी माझ्याकडे तयार होती. भात किती, मीठ किती, चालणं किती. बिस्किटांचा डबा मी सगळ्यात वरच्या प्रेसमध्ये ठेवला आणि स्टूल गॅरेजमध्ये.

इथला हिवाळा म्हणजे दुपारी चारला दिवे लावायचे आणि खिडकीवरचं पाणी पुसत बसायचं. बाबा तरी काय करणार? त्यांनी फोनवर शहरं बघायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या सुट्टीत आपण मोरोक्कोला जाऊ, मराकेशला उतरून गाडीनं फेझला, असं नवऱ्यानं एकदा जेवताना म्हटलं मात्र, त्या दिवसापासून बाबा फेझमध्येच राहायला गेले. सकाळी चष्मा लावून फेझ, दुपारी फेझ. रस्त्यावर उभं राहून खाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचे आणि वहीत टिपून घ्यायचे. सई शाळेतून आली की तिला वाचून दाखवायचे. ती इंग्रजीतून प्रश्न विचारायची, ते नागपुरी मराठीत उत्तरं द्यायचे, आणि दोघांचं छान चालायचं.

यादी अजून तशीच आहे. एक : निळ्या वेशीतून आत शिरल्यावर डावीकडे, पुदिन्याचा चहा, पेला काठोकाठ भरलेला मागणे. दोन : मसेमन, आपल्या घडीच्या पोळीची चौकोनी बहीण, मधाबरोबर. तीन : संत्र्याचा रस. पुढे लिहिलंय, 'नागपूरच्या माणसाने पिऊन निकाल द्यावा.' चार : बिसारा. जाड वालासारख्या सुक्या बाकल्याच्या शेंगदाण्यांचा, असं लिहून 'शेंगदाण्यांचा' खोडलंय आणि वर 'दाण्यांचा' केलंय. 'म्हणजे पिठलंच. वरून तेल, जिरं, तिखट. सकाळीच मिळतं. हमाल लोक खातात तिथे खाणे.' पाच : खजूर आणि ताक. सहा : गोगलगायींचा रस्सा. त्याच्यापुढे कंसात, 'हिला सांगू नये.'

केतकीला पाठवताना सहाव्यातला कंस मी गाळला.

चहाचा तर त्यांनी सराव केला होता. मागच्या अंगणात एका कुंडीत पुदिना लावला. फेब्रुवारीपर्यंत काय येणार, म्हणून मग दुकानातून जुड्या आणल्या. स्टीलच्या किटलीतून हातभर उंचीवरून पेल्यात धार सोडायची. अर्धा चहा ओट्यावर, थोडा सईच्या बाहीवर, आणि दोघं खो खो हसतायत. मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून ओरडले होते, चटका बसेल म्हणून. साखरेचं तर वेगळं बोलणं झालंच. कुंडीतला पुदिना नंतर जमिनीत उतरला आणि आता अर्ध्या वाफ्यावर पसरलाय. मी दर वर्षी उपटते, दर वर्षी येतो.

बाबा बियाण्यांच्या कंपनीचे विक्रेते होते. सगळा विदर्भ त्यांनी जीपनं पालथा घातला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला बरोबर न्यायचे, आई कुरकुरायची तरी न्यायचे. जीपमध्ये मागे कापसाच्या आणि तुरीच्या बियाण्यांची पोती, बियाण्यांना गुलाबी औषध चोळलेलं असायचं, त्याचा उग्र वास. पुढे काचेतून येणारी झळ. फडकं ओलं करून डोक्यावर टाकायचं आणि ते वाळलं की गाव आलं असं समजायचं.

गावात शिरल्यावर बाबा आधी दुकानदाराकडे जायचे नाहीत. जीप सावलीत लावायचे, उतरायचे, आणि दिसेल त्या हमालाला नाहीतर रिक्षावाल्याला विचारायचे, "तुम्ही कुठं खाता जी?" चांगलं कुठे मिळतं, असं कधीच विचारायचे नाहीत. चांगलं विचारलं की माणूस आपल्याला पाहुणा समजतो आणि भलतीकडे पाठवतो, असं त्यांचं म्हणणं. तो हमाल दाखवेल तिथे आम्ही बसायचो. शेगावची कचोरी अशीच, चिखलदऱ्याची रबडी अशीच. नागपुरातही तर्री पोहे खायचे तर कुठे, हे त्यांनी भाजीबाजारातल्या पोती उचलणाऱ्याला विचारून ठरवलं होतं. पोह्यांवर लाल तर्रीचा तवंग, बोटांना दिवसभर राहणारा वास. मला ठसका लागला की पाठीवर थाप मारायचे आणि उरलेलं स्वतः संपवायचे. पानात काही टाकलं तर मात्र त्यांना चालायचं नाही. वाटी निपटून घ्यायची, उठताना ती करणाऱ्याला दाखवायची आणि म्हणायचं, झालं बरं का. करणारा बहुतेक वेळा वर बघायचाही नाही. तरी दाखवायची.

माझं पोट एकदाही बिघडलं नाही त्या सगळ्या उन्हाळ्यांत. हे मला आता आठवतं. तेव्हा, म्हणजे फेझच्या वेळी, आठवलं नाही.

फेझसाठी मी एक वेगळी बॅग भरली होती. प्रवासातला छोटा विजेचा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, भाजलेले पोहे, मेतकूट, खाकरे, पाकिटातलं पनीर, ओट्स, आणि पाण्यात टाकायच्या गोळ्या. पाच दिवस, चार माणसं. प्रवासाला निघाल्यावर घरचं बरोबर घ्यायचं हे आमच्याकडे सगळेच करतात, त्यात मी काही जगावेगळं केलं नाही, पण लोक वाटेत खाण्यापुरतं घेतात. बाबांनी बॅग उचलून बघितली आणि म्हणाले, वजन भरून राहिलं बेटा. एवढंच म्हणाले. वही त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती.

ज्या घरात आम्ही उतरलो होतो तिथे मधोमध अंगण होतं, निळ्यापांढऱ्या फरशीचं, लिंबाचं एक झाड आणि थेंब थेंब गळणारं कारंजं. घराची मालकीण पहिल्या सकाळी भलंमोठं तबक घेऊन आली. चौकोनी घडीच्या पोळ्या, त्यांवरून ओघळणारा मध, काळे ऑलिव्ह, एक वाटी कसल्याशा पांढऱ्या चीजची. यादीतला दोन नंबर आपण होऊन चालत आला होता. बाबांनी हात पुढे केलेला मला अजून दिसतो. मी तिला सांगितलं की आम्हाला फक्त गरम पाणी हवं आहे. तिला वाटलं काहीतरी चुकलं, ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि मी हसून नको नको म्हणत होते. तिनं तबक परत नेलं. आम्ही ओट्स खाल्ले. संध्याकाळी मी खोलीत मुगाची खिचडी लावली, आणि हिंगाचा वास अंगणात उतरून लिंबाच्या झाडापर्यंत गेला. मालकीण खालून वर बघत होती. दुसऱ्या दिवशीपासून ती फक्त गरम पाण्याची किटली ठेवून जायची.

संत्र्याच्या रसाच्या गाड्यासमोर दुसऱ्या दिवशी बाबा उभे राहिले. संत्र्यांची रास अशी रचलेली की एक काढलं तर सगळी खाली येतील. निकाल द्यायचाय मले, ते सईला म्हणाले. मी साखरेचा आकडा सांगितला, पेले कुठल्या पाण्यात विसळतात ते दाखवलं. ते ऐकून घेत उभे होते. मग त्यांनी राशीतलं एक संत्रं हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि परत जागेवर ठेवलं. सालीवरून निकाल देता येत नाही, असं ते सईला म्हणाल्याचं तिनं मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या सकाळी जाग आली तर बाबांचं अंथरूण रिकामं, सईचंही. बाबांच्या फोनमध्ये मीच नकाशावर ठिकाण दिसायची सोय करून ठेवली होती. त्या ठिपक्यामागे मी स्वेटरवर कोट चढवून निघाले. फेझच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढ्या अरुंद, आणि तिथे ठिपका या भिंतीतून त्या भिंतीत उड्या मारतो. गाढवांची लीद, ओलं चामडं, लाकडाचा धूर, कुठून तरी भाजलेल्या पावाचा वास. मी धावत होते आणि मनातल्या मनात रुग्णालय किती लांब, विमा काय देणार, हे सगळं जुळवत होते. घाबरले होते. नंतर मी जे केलं त्याला ते कारण म्हणून पुढे करावंसं मला पुष्कळदा वाटलंय.

ते एका बोळाच्या तोंडाशी बसले होते. भिंतीत कोनाड्याएवढं दुकान, मातीचा मोठा हंडा, त्यामागे पांढऱ्या टोपीतला म्हातारा. बाकावर तीन हमाल, त्यांच्या मधे बाबा, आणि बाबांना चिकटून सई. प्रत्येकाच्या हातात वाटगा. हिरवट पिवळं दाट पिठलं, त्यावर तेलाचं तळं, त्यात जिरं आणि लाल तिखट. वाफ येत होती. बाबांनी मफलर काढून ठेवला होता आणि ते म्हाताऱ्याशी मराठीत बोलत होते, तो अरबीत उत्तर देत होता, आणि हमाल मान डोलावत होते. आई गेल्यापासून मी बाबांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. तो मी पाहिला, आणि तरीही.

"बाबा, ठेवा ते," मी म्हणाले.

"दोन घास राहिले बेटा."

"ठेवा म्हणते ना."

त्यांनी ठेवला नाही. चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांच्या हातातून वाटगा काढून घेतला आणि फळीवर ठेवला. सईचाही. हमालांनी मान दुसरीकडे वळवली, माणसं दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर वळवतात तशी. म्हाताऱ्यानं वाटग्यात बघितलं, मग बाबांकडे. बाबा उठले, मफलर गळ्यात घातला, आणि त्याला दोन्ही हात जोडले. ते 'झालं बरं का' म्हणाले नाहीत, कारण झालं नव्हतं.

ते पिठलं खाऊन बाबांना काही झालं नाही, सईलाही नाही. पोट बिघडलं ते माझं, त्या पाकिटातल्या पनीरनं, आणि उरलेले दोन दिवस मी खोलीतच पडून होते. तेव्हा तरी बाबांनी बाहेर पडावं? रस प्यावा, चहा प्यावा, गोगलगायी खाव्यात? नवरा चला म्हणत होता. ते माझ्या उशाशी बसून राहिले आणि कुकरमध्ये मऊ भात लावून मला भरवत राहिले. वही त्यांनी निघायच्या दिवशी सईच्या पिशवीत ठेवली. तुझी कॉपी आहे, तुला परत, असं तिला म्हणाले.

नागपूरला परतल्यापासून बाबा फार शहाण्यासारखे वागतात. सगळे मला सांगतात, नशीबवान आहेस, आमचे आईवडील ऐकतच नाहीत. स्वयंपाकाला मंदाताई येतात. दुपारी जेवायला बसले की बाबा ताटाचा फोटो काढून मला पाठवतात. हे मीच सुरू करायला लावलं होतं, निदान काय खातात ते कळेल म्हणून. दोन फुलके, दुधी, काकडी, एक वाटी वरण. इथे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. मी केस विंचरता विंचरता अंगठा पाठवते. गेल्या वर्षी नागपूरला गेले तेव्हा मंदाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमचा अंगठा लवकर पाठवत जा. तो येईस्तोवर बाबूजी घास घेत नाहीत. वरण गार होऊन जाते."

त्याच वेळी एका सकाळी मी बाबांना म्हटलं, चला, तर्री पोहे खायला जाऊ. ते चपला घालून निघाले. गाड्यापाशी उभे राहिले. कुठे खाता, असं कोणालाच विचारलं नाही. मी प्लेट हातात दिली तर म्हणाले, तू म्हणशील तसं. चार चमचे खाल्ले आणि प्लेट गाड्यावर ठेवून दिली, अर्धी भरलेली. मी ती उचलून परत त्यांच्या हातात देऊ शकले असते. दिली नाही.

आज सकाळी सात वाजता दोन फोटो एकदमच आले. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं, पावसाची भुरभुर होती, आणि सई बाउलमध्ये दूध ओतत होती. पहिला फोटो केतकीचा. मातीचा हंडा, पांढरी टोपी, हिरवट पिवळ्या पिठल्यावर तेलाचं तळं. चार नंबर! असं तिनं लिहिलं होतं. म्हातारा फार गोड आहे, दोन दोन वाटगे खाल्ले, तुला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं होतं ते सांग, आज तेच खातो.

सईनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. आता ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, बोलते इथल्या मुलांसारखी. "दॅट्स आजोबाज् सूप," ती म्हणाली. मग चमचा बाउलमध्ये बुडवत, सहज, दप्तर कुठे आहे विचारावं तसं म्हणाली, "यू टुक इट ऑफ हिम." तिच्या आवाजात राग नव्हता.

केतकीला काय लिहू? मला काय आवडलं होतं? मी तिथे पाच दिवस मुगाची खिचडी खाल्ली.

दुसरा फोटो बाबांचा. दोन फुलके, भोपळ्याची भाजी, काकडीच्या पाच चकत्या. ताटाच्या कडेला त्यांचा अंगठा फोटोत आलेला. नागपूरला साडेबारा वाजले होते आणि ते वाट बघत होते. मी केतकीचा फोटो त्यांना पाठवला. खाली लिहिलं, बाबा, तुमची यादी घेऊन आमचे मित्र फेझला गेलेत, तोच म्हातारा आहे. निळ्या खुणा झाल्या. ते लिहितायत असं दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. मला वाटलं ते विचारतील की जिरं होतं का, तेल कोणतं, हमाल होते का शेजारी. मला तसं फार वाटलं.

'छान आहे,' असं आलं. 'त्यांना म्हणावं पोट सांभाळा.'

आणि लगेच खाली दुसरी ओळ : 'मंदाताईंनी ताक केलं आहे. घेऊ का?'

सई सुट्टीतल्या शिबिराची पिशवी घेऊन दाराशी उभी होती. मी भराभर लिहिलं, 'विचारू नका ना बाबा. घ्या.'

'बरं,' बाबांनी लिहिलं. 'किती घेऊ?'